निळ्या पेनाचा ळ

मशीनचं झाकण काढलं तेव्हा आतून सगळ्यात आधी सरकी निघाली. आठ-दहा बिया, त्यांना चिकटलेली काळपट रुई, आणि मागच्या कोपऱ्यात त्याच रुईचं उंदरानं केलेलं घरटं. पावर सप्लायच्या जाळीवर तर रुईचा असा थर बसला होता की नखानं उचलला आणि गोधडीच्या तुकड्यासारखा सलग हातात आला. बाबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "एवढी रुई आम्ही तोलली असती त मालकाचा फायदा झाला असता."

हे मशीन एका जिनिंग-प्रेसिंगच्या कचेरीतलं. बाबा तिथं दिवाणजी होते. जिनिंग बंद पडलं तेव्हा थकलेल्या तीन पगारांच्या बदल्यात त्यांना एक लोखंडी कपाट, एक छतपंखा आणि हा संगणक मिळाला. कपाट आणि पंखा अजून कामात आहेत. संगणक वीस-बावीस वर्षं माळ्यावर होता. शेवटी बायकोनं विचारलं, की तेवढ्या जागेत कुलर ठेवला तर चालेल का. म्हणून तो खाली उतरला, आणि खाली उतरला म्हणून उघडला गेला. यात काही थोर हेतू नव्हता.

आत जे होतं ते मात्र पाहण्यासारखं होतं. ८०८८ प्रोसेसर, ६४० केबी मेमरी, सव्वापाच इंची दोन फ्लॉपी ड्राइव्ह, २० एमबीची हार्ड डिस्क आणि पडद्यासाठी हर्क्युलिसच्या धर्तीचं एक कार्ड. आयबीएमनं १९८३ मध्ये काढलेल्या 'एक्सटी'ची ही देशी जुळणी. समोर 'टर्बो'चं बटण. इलेक्ट्रिशियन लोक वापरतात तसा शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून मी पावर सप्लाय तपासला. बल्ब क्षणभर भगभगला आणि मंद झाला. म्हणजे शॉर्ट नाही. मग थेट जोडलं. हिरव्या पडद्यावर मेमरीचे आकडे एकेक करत वर चढले, अगदी सावकाश, बाजारातल्या माणसानं नोटा थुंकी लावून मोजाव्या तसे. ६४० वर थांबले. हार्ड डिस्क मात्र फिरली नाही. मी टिचक्या मारून पाहिल्या, उन्हात ठेवून पाहिली. आत जे काही हिशेब होते ते गेले.

रिकामं मशीन. त्यात काय घालायचं?

आमच्या केळापूर तालुक्याची एक गंमत आहे. तालुका केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्याला. केळापूर हे गाव जवळच हायवेला लागून आहे, जगदंबेच्या देवळासाठी ते सगळ्यांना ठाऊक आहे, नवरात्रात तिथं पाय ठेवायला जागा नसते. पण दाखला काढायचा तर केळापूरला जाऊन उपयोग नाही. बाहेरून बदलून आलेल्या माणसाला हे समजावून सांगताना माझी दमछाक होते. युनिक्स ही संगणकप्रणाली शिकलेल्या माणसाला मी एका वाक्यात सांगतो: केळापूर हा सिम्लिंक आहे. नाव इथलं, दप्तर तिथं. नावावर बोट ठेवलं की यंत्रणा गुपचूप पांढरकवड्याला नेऊन सोडते. मी पांढरकवड्यात संगणकाचे वर्ग घेतो, त्यामुळे हा विनोद वर्षातून दोनदा करतो. हसतं कोणी नाही.

तर, त्या रिकाम्या मशीनमध्ये युनिक्सच्या घराण्यातलं काहीतरी घालायचं असं मी ठरवलं. मोफत, खुलं, ज्याचा प्रत्येक शब्द उघडून वाचता येतो असं. शेजारी, मित्र, विद्यार्थी सगळ्यांचा एकच प्रश्न: "कायले?" वऱ्हाडी बोलीतला हा शब्द फार अडचणीचा आहे. 'का' विचारलं तर कारण सांगता येतं. 'कायले' विचारलं की समोरच्यानं उत्तर आधीच ठरवलेलं असतं.

त्या घराण्यातल्या लिनक्सचा इथं उपयोग नव्हता. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ते ३८६ प्रोसेसरवर सुरू केलं. आमचं मशीन त्याच्या दोन पिढ्या आधीचं. तेव्हा त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं की हे दुसऱ्या यंत्रावर नेता येण्यासारखं नाही. पुढं ते मोबाइलपासून महासंगणकापर्यंत कुठं कुठं गेलं ते आपण पाहतोच. आणि ज्या ३८६ वर ते जन्मलं, त्याच ३८६ ला २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीतून बाहेर काढण्यात आलं. आजोळचं घर विकल्यासारखं. व्यवहार म्हणून बरोबरच होतं, सांभाळायला माणसं लागतात.

पण ८०८८ साठी एक धाकटं भावंड आहे, एल्क्स नावाचं. अॅलन कॉक्स आणि इतर काही लिनक्सवाल्या मंडळींनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर ते सुरू केलं. मध्ये बराच काळ ते निपचित पडलं होतं, मग पुन्हा काही हौशी माणसांनी हाती घेतलं आणि आता ते चांगलं हिंडतं-फिरतं आहे. ३६० केबीच्या एका फ्लॉपीत मावतं. आज आपण मोबाइलवर सकाळी जो गुलाबाच्या फुलाचा शुभेच्छा-फोटो पाठवतो, तोही कधीकधी याहून जड असतो.

एका यंत्रावरची प्रणाली दुसऱ्या यंत्रावर नेण्याला सगळे 'पोर्टिंग' म्हणतात. मला विचाराल तर हे बिऱ्हाड हलवणं आहे. जुन्या घरात खुंटी कुठं होती, चूल कोणत्या तोंडाची होती, पाण्याचा माठ कुठल्या कोपऱ्यात गार राहायचा, हे तिथं राहत असताना कोणी लिहून ठेवत नाही. अंधारात हात बरोबर खुंटीवर जातो. नव्या घरात गेल्यावर पहिल्या रात्री हात भिंतीवर आपटतो तेव्हा कळतं, की आपण एक खुंटी गृहीत धरून चाललो होतो. युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये पीडीपी-७ वर जन्मलं, १९७३ मध्ये सी भाषेत नव्यानं लिहिलं गेलं, आणि १९७७ मध्ये रिचर्ड मिलर यांनी ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठात ते इंटरडेटा नावाच्या अगदी वेगळ्या जातीच्या यंत्रावर नेलं. त्या बिऱ्हाडात किती खुंट्या सापडल्या असतील याची कल्पना करून मी रात्री उगाच खूश होतो.

या हौसेचं टोक गाठलं ते दिमित्री ग्रिनबर्ग या माणसानं. १९७१ सालचा इंटेलचा ४००४, पहिला व्यापारी मायक्रोप्रोसेसर, २३०० ट्रान्झिस्टरांचा, कॅल्क्युलेटरसाठी केलेला. त्यावर त्यानं २०२४ मध्ये लिनक्स चालवलं. सुरू व्हायला पावणेपाच दिवस लागले. म्हणजे केळापूरला घट बसले की बटण दाबायचं आणि पाचवी माळ चढेपर्यंत वाट पाहायची. त्या मानानं आमचं मशीन घाईचंच म्हणायचं.

पहिली अडचण फ्लॉपीची. सव्वापाच इंची फ्लॉप्या माळ्यावरच्या उष्णतेनं पापडासारख्या झाल्या होत्या. शेवटी फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग घेणारी एक छोटी डबी मागवली. तिला पेन ड्राइव्ह जोडायचा, आणि मशीनला वाटतं आपण फ्लॉपीच वाचतोय. सोंग बरोबर वठलं. चौथ्या रात्री हिरव्या पडद्यावर ओळी उमटू लागल्या: मेमरी इतकी, सिरियल पोर्ट इतके, नेटवर्क कार्ड नाही. आणि मग लॉगिन. मी घड्याळ विचारलं. उत्तर आलं: १ जानेवारी १९७०.

एक्सटीला स्वतःचं बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. युनिक्सच्या वंशातली प्रणाली काळ १९७० च्या पहिल्या क्षणापासून सेकंदांत मोजते. कोणी वेळ सांगितली नाही की ती बापडी सुरुवातीपासून मोजायला लागते. म्हणजे आमच्या घरात रोज रात्री जेवणं आटोपल्यावर १९७० साल उजाडायचं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग एकाधिकार आला नसंन अजून." कापूस एकाधिकार खरेदी योजना राज्यात १९७२ पासून सुरू झाली. बाबांचं सगळं कामाचं आयुष्य तिच्या छायेत गेलं: कापसाच्या गाड्यांच्या रांगा, ग्रेडर, काटा, गठाणी, आणि चुकारे. चुकारा म्हणजे शेतकऱ्याला मिळायची कापसाची रक्कम. तो किती उशिरा मिळायचा यावर आमच्या भागात एक वेगळा निबंध होईल.

चुकाऱ्यावरूनच ट्रंक उघडली. पत्र्याच्या ट्रंकेत बाबांनी पावत्यांच्या कार्बन प्रती ठेवल्या होत्या, कोणी मागितल्या नसताना. डॉट मॅट्रिक्सवर छापलेल्या, दोन्ही कडांना भोकं असलेल्या कागदाच्या. नाव, गाव, वजन, प्रत, दर. सगळं रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, कारण मशीनला दुसरं काही येत नव्हतं. आणि जवळपास प्रत्येक पावतीवर कुठं ना कुठं निळ्या पेनानं एक अक्षर काढलेलं. नावाच्या वर, थोडं तिरकं, ठसठशीत: ळ.

"हे काय हो बाबा?"

"इंग्रजीत ळ नसते ना बा." मग त्यांनी सांगितलं. एकाच गावात काळे होते आणि काले होते, दोघांचं पहिलं नावही एक. मशीनच्या लेखी दोघे एकच माणूस. एका हंगामात एकाचा चुकारा दुसऱ्याच्या नावावर निघाला. पैसे घेतलेला माणूस भला होता, त्यानं परत केले, पण त्यात महिना गेला आणि बाबांना त्या गावाला चार खेपा पडल्या. तेव्हापासून बाबा प्रिंटरमधून पावती निघाली की फाडायच्या आधी पेन घ्यायचे. केळापूर, वेळाबाई, काळे, टेंभुर्ले, सगळं तपासायचं, जिथं ळ असेल तिथं ळ लिहायचा. रोज दीडशे-दोनशे पावत्या. मालकाला हे आवडत नसे. छापील कागदावर हातानं लिहिलं की कागद बिघडतो असं त्याचं म्हणणं होतं.

मी ट्रंकेजवळून उठलो ते ठरवूनच. या मशीनला ळ शिकवायचा.

इथं त्या पडद्याच्या कार्डाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर मला झोप लागणार नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या संगणकाला पडद्यासाठी दोन पर्याय होते. एका कार्डावर अक्षरं सुबक दिसायची, पण तेवढीच, जी कारखान्यात कोरलेली असत. दुसऱ्यावर चित्रं काढता यायची, पण इतकी जाडीभरडी की बारीक अक्षर वाचवत नसे. व्हॅन सुवन्नुकुल नावाच्या माणसाला आपला पीएचडीचा प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. थाईला वर-खाली चिन्हं असतात, आपल्या वेलांटी-उकारांसारखी. दोन्ही कार्डांत ती बसेनात. तेव्हा त्यानं स्वतःच एक कार्ड तयार केलं, ७२० बाय ३४८ ठिपक्यांचं, हवं ते रेखाटता येणारं. तेच हर्क्युलिस. १९८२ मध्ये ते बाजारात आलं आणि इतकं चाललं की जगभर त्याच्या नकला निघाल्या.

त्यातली एक नक्कल पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये आली. म्हणजे ज्या कार्डाचा जन्मच 'माझी अक्षरं पडद्यावर मावत नाहीत' या तक्रारीतून झाला, ते कार्ड बाबांच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसून होतं, आणि बाबा शेजारी बसून पेनानं ळ काढत होते. कोणी कार्डाला विचारलंच नाही.

विचारणारे लोक होते, हेही खरं. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी जे काम झालं, ते १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि 'जिस्ट' नावाचं कार्ड निघालं. ते संगणकात खोचलं की डॉसवरच्या साध्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटायची. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांचं 'इस्की' हे प्रमाणही ठरलं. आमच्या जिनिंगपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही, एवढंच. पोचायला वेळ लागतोच. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादच्या बाजूला गुंजाला गावात गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखितं सापडली. ती लिपी युनिकोडमध्ये आली २०१८ साली. आमच्या तालुक्यात गोंड-कोलामांची कितीतरी गावं आहेत. बाबांच्या पावत्यांवर त्यांची नावं रोमनमध्ये कशी उमटायची ते पाहिलं तर ळची तक्रार करायलाही लाज वाटते.

मी आलेखाची वही आणली. रुंदीला सोळा चौकोन, उंचीला चोवीस. वर मात्रा आणि अनुस्वाराला जागा, मध्ये शिरोरेघ, खाली उकाराला जागा. चौकोन भरत जायचं. क सोपा आहे, र तर फुकटच. ळ ला मी तीन रात्री दिल्या. दोन वेटोळी, मधला सांधा, आणि वर शिरोरेघेला धरणारी बारीक मान. चौकोनांत गोल काढणं म्हणजे विटांनी मडकं बांधणं. एक ठिपका इकडे झाला की ळ चा चष्मा होतो, तिकडे झाला की इंग्रजी आठ आडवा पडतो. हिंदीसाठी केलेल्या अनेक फॉन्टांत ळ असा का दिसतो, पाहुण्याला सतरंजीवर बसवल्यासारखा, ते मला तेव्हा समजलं. त्यानंतर 'बिऱ्हाड'मधला ऱ्ह आला. तो पापणीसारखा र हिंदीला लागत नाही, म्हणून त्यालाही आपणच वाढायचं.

अडीचशेच्या आसपास आकृत्या झाल्या. प्रत्येकीच्या चोवीस ओळी, प्रत्येक ओळ दोन बाइट: एकूण बारा हजार बाइट. ८०८८ वर एका कार्यक्रमाची माहिती ६४ केबीच्या खोलीत मावली तर सुखाचं असतं, त्यात हे आरामात बसलं.

मग मी ते पडद्यावर ओतलं. या प्रोसेसरवर मेमरीला राखण नसते. आधुनिक संगणकात प्रत्येक कार्यक्रमाभोवती कुंपण असतं, दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकलं की प्रणाली हाकलते. इथं दार नसलेला वाडा. मी चुकीच्या पत्त्यावर लिहिलं की एल्क्स स्वतःच मूर्च्छित पडायचं, आणि पुन्हा १ जानेवारी १९७०. एका रात्रीत मी ती तारीख अकरा वेळा पाहिली.

सगळं सावरून पहिला 'के' उमटला तो चौपट उंच. प्रत्येक ओळीनंतर तीन ओळी अंधार. बांबूच्या तट्ट्यातून पलीकडचं पाहावं तसा. हर्क्युलिस कार्ड ओळी ओळीनं ठेवतच नाही. पडद्याची पहिली, पाचवी, नववी ओळ एका कप्प्यात. दुसरी, सहावी, दहावी दुसऱ्यात. असे चार कप्पे. मी सगळं एकाच कप्प्यात कोंबत होतो. जिनिंगमधल्या माणसाच्या मुलाला हे आधीच सुचायला हवं होतं. कापूस प्रतीप्रमाणे वेगवेगळ्या ढिगांत टाकतात हे मी लहानपणापासून पाहिलंय.

ते दुरुस्त केलं. आता अक्षर बरोबर उंचीचं, पण फाटलेलं. प चा दंडा उजवीकडून उठून डावीकडे येऊन बसलेला. ळ ची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून बसलेली आणि मधला सांधा अर्धा-अर्धा होऊन बाहेरच्या दोन्ही कडांना गेलेला. भांडण झालेल्या भावांसारखं. प्रत्येक अक्षराचा डावा-उजवा अर्धा भाग अदलाबदल झाला होता.

याचं कारण मला संगणकाच्या पुस्तकात शोधावं लागलं नाही, बाजारात मिळालं. आमच्याकडून आदिलाबाद काही लांब नाही. तिकडचे व्यापारी इकडे, इकडचे तिकडे, रोजचंच. मी 'पंचवीस' म्हणतो. म्हणजे पाच आधी, वीस मागून. पलीकडचा तेलुगू माणूस म्हणतो 'इरवै ऐदु': वीस आधी, पाच मागून. मोबाइल नंबर सांगताना तर हाल. मी 'सत्तावीस' म्हणालो की तो आधी सात लिहितो, मग खोडतो. यंत्रांचंही असंच आहे. दोन बाइटांचा आकडा ठेवताना इंटेलचे प्रोसेसर धाकटा बाइट आधी ठेवतात, थोरला मागून. मोटोरोलाचा ६८०००, जुन्या मॅकिंटॉशमधला, थोरला आधी ठेवतो. इंटेल मराठी, मोटोरोला तेलुगू. मी वहीवरून सोळा चौकोनांचा एक सलग आकडा केला होता आणि डावीकडून वाचला होता. ८०८८ नं आपल्या रीतीप्रमाणे धाकट्याला पुढं बसवलं. त्याची काही चूक नाही. युनिक्स पहिल्यांदा बाहेरच्या यंत्रांवर जाऊ लागलं तेव्हा 'युनिक्स' ही रोमन अक्षरं जोडीजोडीनं उलटून 'नुक्सी' उमटल्याचा किस्सा या धंद्यात सांगतात. अजूनही या दोषाला नुक्सीच म्हणतात.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं म्हणायची रीत आली आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की लिहिताना दोन आधी येतो आणि बोलताना एक आधी येतो, यात लहान मुलं गोंधळतात. मी तेव्हा विरोधातल्या लोकांत होतो. पंचवीसला वीस पाच म्हणायचं म्हणजे काय! प चा दंडा डावीकडे पाहिल्यावर मला त्यांचं म्हणणं दोन मिनिटांत पटलं. 'एकोणतीस'चं मात्र अजून कळत नाही. तीसमधून एक वजा करून आकडा सांगणारा प्रोसेसर अद्याप कोणी केलेला माझ्या ऐकिवात नाही.

दोन बाइटांची जागा बदलणारी एक ओळ लिहिली. पडद्यावर अक्षरं शहाणी झाली. ३४८ ठिपक्यांच्या उंचीत चोवीसच्या हिशेबानं चौदा ओळी मावतात. कारखान्यातली रोमन अक्षरं याच पडद्यावर पंचवीस ओळींत उभी राहतात. अकरा ओळी आपल्या मात्रा-उकारांनी खाल्ल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. जेवायला माणसं जास्त असली की पंगती कमी बसतात.

रविवारी दुपारी, लाइन असताना, बाबांना खुर्चीवर आणून बसवलं. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हिरवा पडदा बरा दिसतो म्हणाले. मी ट्रंकेतली एक पावती घेतली, तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं टाइप केलं. नाव. गाव. वजन. प्रत. एक अक्षर उमटायला डोळ्याला जाणवेल एवढा वेळ लागत होता. बाबा ओठ हलवत वाचत होते.

"केयापूर," ते म्हणाले.

मी तीन रात्री ज्या अक्षराला दिल्या ते आमच्या बोलीत नाहीच. डोळ्याला आम्ही डोया म्हणतो, काळ्याला काया. चार खेपा मारून, दीडशे पावत्यांवर रोज पेन चालवून बाबांनी जो ळ जपला, तो त्यांनी आयुष्यात फक्त लिहिला. तोंडातून कधी काढला नाही. मी हसायला लागलो तर त्यांना कळेना काय झालं ते.

ते पडद्याजवळ वाकले. काचेवर बोट ठेवून ळ ची उजवी बाजू दाखवली. "हे वेटोळं लहान झालं. दुसरं मोठं पायजे. लिहितानी हात बाहेर जाते." मी म्हटलं, बाबा, चौकोन सोळाच आहेत, दोन्ही सारखीच करावी लागतात. त्यांनी आलेखाची वही मागितली. खिशातून पेन काढलं, निळंच. रेघांकडे न बघता, एका दमात, थोडा तिरका, त्यांनी ळ काढला, अगदी पावतीवर काढायचे तसा.

बाबा आत जाऊन पडले. मी वही जवळ ओढली आणि पेनाच्या रेषेखाली रुंदीला येणारे चौकोन मोजू लागलो. दोनदा मोजले. सतरा भरत होते.